सोळा महिन्यांचा ऊस, एका रात्रीचा आदेश

७ डिसेंबर २०२३ ही तारीख माझ्या लक्षात राहिली, कारण त्या दिवशी आमच्या नदीकाठच्या रानात तोडणीची टोळी उतरलेली होती. सकाळपासून कोयते चालू होते, बांधावर वाढ्यांचे भारे पडत होते आणि दुपारपर्यंत दोन ट्रॉल्या भरून रस्त्याला लागल्या होत्या. संध्याकाळी बातमी आली की, उसाच्या रसापासून आणि सिरपपासून इथेनॉल तयार करण्यास केंद्र सरकारने चालू हंगामापुरती मनाई केली आहे. मामंजी सोप्यात खांबाला टेकून बसले होते. त्यांनी बातमी पुन्हा एकदा वाचायला लावली आणि विचारले, "म्हंजे पोरी, आपल्या उसाला किती कमी मिळणार?"

मी बी. कॉम. झालेली आहे, घरातले सगळे हिशेब गेली बारा-तेरा वर्षे मीच लिहिते, तरी त्या रात्री मला या साध्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, ठरलेली आहे, तेवढी तर मिळेलच, असे मी म्हणाले. ते गप्प राहिले. त्यांना जे कळत होते ते मला नंतर कळले.

त्या दिवशी तोडला जात असलेला ऊस आडसाली होता. २०२२ च्या जुलैच्या अखेरीस, पावसाची उघडीप साधून आम्ही त्याची लागण केली होती. त्या वेळी पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०३० वरून अलीकडे ओढलेले होते, कारखान्यांनी व्याज सवलतीच्या कर्जावर आसवन्या (इथेनॉल तयार करणारे प्रकल्प) वाढवल्या होत्या आणि रसाचे इथेनॉल करा, साखरेचा साठा कमी करा, असेच सगळीकडे सांगितले जात होते. ऊस सोळा महिने रानात उभा राहिला. या काळात २०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली, साखर कमी पडेल, भाव चढतील अशी भीती निर्माण झाली आणि हंगाम नुकताच सुरू झालेला असताना धोरण उलटले. आठवड्याभरात, १५ डिसेंबरला, १७ लाख टन साखरेइतका रस आणि बी-हेवी मळी (जिच्यातली साखर पूर्ण काढलेली नसते ती) इथेनॉलकडे वळवण्याची मुभा देऊन आदेश थोडा सैल केला गेला. हंगाम संपला तेव्हा महाराष्ट्रातले साखरेचे उत्पादन सुरुवातीच्या अंदाजांपेक्षा बरेच जास्त भरले होते. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पुढच्या हंगामासाठी बंदी उठली. म्हणजे नऊ महिन्यांत बंदी आली आणि गेली. एवढ्या अवधीत आडसाली ऊस तोडणीलाही येत नाही.

सरकारने साखरेच्या भावाची काळजी करू नये असे मी म्हणणार नाही. शहरातल्या आणि आमच्याही गावातल्या चहाच्या कपात तीच साखर पडते. माझे म्हणणे वेळेबद्दल आहे. आदेश काढायला एक रात्र पुरते, पीक बदलायला दीड वर्ष लागते, आणि खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारे पीक, धरला असेल तर त्याहून जास्त. शेतकऱ्याने धोरणाशी जुळवून घ्यावे असा उपदेश अनेक व्यासपीठांवरून केला जातो, त्यात या दोन घड्याळांतला फरक कोणी मोजत नाही. म्हणून जुळवून घेणे म्हणजे नेमके काय करणे, याचा मी माझ्या साडेतीन एकरांपुरता आणि आमच्या गावापुरता विचार करू लागले.

मामंजींच्या खोलीत पत्र्याची एक ट्रंक आहे. तिच्यात उसाची जुनी बिले, वजनाच्या पावत्या, सोसायटीचे उतारे आणि कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या विक्रीच्या पट्ट्या सुतळीने बांधून ठेवलेल्या आहेत. डिसेंबरमधल्या त्या रात्रीनंतर मी ती ट्रंक सोप्यात ओढून आणली आणि बिले वर्षवार लावली. पहिल्यांदा लक्षात आले ते हे की, आपण सगळेजण बिलात शेवटची रक्कम पाहतो. वरच्या ओळी कोणी वाचत नाही. आणि धोरण नेमके त्या वरच्या ओळींमध्ये शिरते.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण यानेच माझे डोळे उघडले. २०१७-१८ च्या हंगामात एफआरपी टनाला २५५० रुपये होती. ती ९.५ टक्के साखर उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) होती आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे २६ रुपये ८० पैसे जास्त मिळत. पुढच्या वर्षी, २०१८-१९ मध्ये, एफआरपी २७५० रुपये जाहीर झाली. गावात आनंद झाला, टनाला २०० रुपये वाढले म्हणून. पण त्याच वेळी उताऱ्याचा पाया ९.५ वरून १० टक्के करण्यात आला होता आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला २७ रुपये ५० पैसे धरले होते. कोल्हापूरचा उतारा चांगला असतो; हिशेब सोपा व्हावा म्हणून तो १२ टक्के धरू. पहिल्या वर्षी २५५० अधिक अडीच टक्क्यांचे ६७० मिळून ३२२० रुपये होतात. दुसऱ्या वर्षी २७५० अधिक दोन टक्क्यांचे ५५० मिळून ३३०० रुपये होतात. २०० रुपयांची वाढ आमच्या पदरात ८० रुपये होऊन पडली. २०२२-२३ मध्ये पाया पुन्हा सरकून १०.२५ टक्के झाला, तेव्हाही जाहीर वाढ टनाला १५० रुपयांची होती आणि १२ टक्के उताऱ्याच्या शेतकऱ्याला प्रत्यक्षात १०४ रुपयांच्या आसपास मिळाले. ज्या भागाचा उतारा मुळातच चांगला, त्यालाही पाया सरकल्याचा फटका चुकला नाही. आमची जमीन, आमचे पाणी आणि आमची हवा यांनी जो उतारा दिला, त्यातला अर्धा टक्का एका तक्त्यातल्या आकड्याने मोकळा केला.

हे गणित मी कागदावर मांडून मामंजींना दाखवले. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे त्या वर्षी कोणी सांगिटलं न्हाई." कोणी सांगितले नव्हते हे खरे, पण आकडे वर्तमानपत्रात छापून आलेले होते. आपण २७५० हा आकडा वाचला आणि त्याच्या शेजारचा १० टक्के हा आकडा सोडून दिला.

इथेनॉलबंदीचा प्रश्न मला त्यानंतर सोडवता आला. एफआरपी आदेशाने ठरलेली असते, त्यामुळे इथेनॉल थांबले म्हणून ती कमी होत नाही. फटका बसतो तो पैसे येण्याच्या वेगाला. तेल कंपन्या इथेनॉलचे पैसे कारखान्याला साधारण तीन आठवड्यांत देतात. साखर मात्र सरकारने ठरवून दिलेल्या मासिक कोट्याप्रमाणेच विकता येते, तोवर ती गोदामात पडून असते आणि कारखाना तिच्यावर बँकेची उचल घेऊन व्याज भरतो. त्यात साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि पुढे सहा वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिला. त्याच काळात एफआरपी २७५० वरून २०२५-२६ च्या हंगामासाठी ३५५० रुपयांपर्यंत गेली. उसाचा दर वर सरकतो, साखरेचा आधार जागचा हलत नाही, निर्यात कधी खुली तर कधी बंद, आणि या सगळ्या ओढाताणीचा शेवट शेतकऱ्याच्या बिलाला उशीर होण्यात होतो. एफआरपीच्या वरचे जे शंभर-दोनशे रुपये आंदोलनाने मिळतात, तेही याच ओढाताणीत अडकतात. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर शेतकऱ्यांनी ठाण मांडल्यावर वाढीव रकमेवर तोडगा निघाला होता. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांत इथेनॉलचा आदेश आला. मामंजी त्या रात्री गप्प राहिले होते ते यामुळे.

उशिराची किंमत किती असते हे सोसायटीत बसणाऱ्याला विचारावे. आमच्याकडे पीक कर्ज जिल्हा बँकेकडून विकास सेवा सोसायटीमार्फत येते आणि उसाच्या बिलातून वळते होते. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडले तर व्याज सवलत मिळून ते शेतकऱ्याला बिनव्याजी पडते. मुदत ३० जूनची. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय काढला. पहिला हप्ता महसूल विभागासाठी ठरवलेल्या मूळ उताऱ्यावर, आमच्याकडे १० टक्क्यांवर, आणि उरलेली रक्कम हंगाम संपून अंतिम उतारा निघाल्यावर. जिथे उतारा चांगला तिथे मागे राहणारी रक्कमही मोठी. त्या काळात एका वर्षी आमचा दुसरा हप्ता लांबला. सोसायटीचे खाते जूनअखेर पुरे झाले नाही, सवलत गेली आणि व्याज अंगावर पडले. रक्कम फार मोठी नव्हती. मुलाच्या वसतिगृहाची सहामाही फी भागली असती एवढी होती. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द ठरवला, तेव्हा मला त्या जूनमधली सोसायटीच्या पायरीवरची दुपार आठवली.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे असे लिहिलेले आहे. हे कलम आमच्या गावात किती जणांना ठाऊक होते, तर दोघा-तिघांना. ठाऊक असलेल्यांनीही कधी अर्ज केला नव्हता, कारण एकट्याने अर्ज केला तर पुढच्या वर्षी कारखाना आपली तोडणी मागे टाकेल ही भीती. ही भीती खोटी आहे असे मी म्हणू शकत नाही. ऊस वाळत असताना तोडणीची वाट पाहणे काय असते ते मी पाहिलेले आहे. पण बावीस जणांनी एकाच कागदावर सह्या केल्या तर कोणाची तोडणी मागे टाकणार? आम्ही तसा अर्ज केला. व्याज अजून मिळालेले नाही. मात्र त्यानंतरची बिले वेळेच्या जवळपास येऊ लागली, हे ट्रंकेतल्या तारखांवरून दिसते.

तोडणी-वाहतुकीची ओळही अशीच वाचण्यासारखी असते. हा खर्च आपल्या एफआरपीतून वजा होतो आणि तो कारखान्याच्या सगळ्या उसाची सरासरी काढून लावला जातो. कारखान्यापासून चार किलोमीटरवरचा शेतकरी लांबून आणलेल्या उसाच्या वाहतुकीचा भार उचलत असतो. याबद्दल वार्षिक सभेत प्रश्न विचारता येतो, अहवाल मागता येतो. सभासदाला तो हक्क आहे आणि तो वापरणे हेसुद्धा बदलाला तोंड देणेच आहे.

आता रानाबद्दल. मामंजी पूर्वीपासून म्हणतात, "सगळं रान उसात घालू नये." आम्ही तरुणपणी ते जुन्या माणसाचे बोलणे म्हणून ऐकले आणि २०१२ नंतर एकेक तुकडा उसाखाली आणत गेलो, कारण ऊस राखायला सोपा, कारखाना ठरलेला आणि कर्ज सहज मिळते. इथे एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगितली पाहिजे. भोगावतीच्या काठचे आमचे रान २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाण्याखाली गेले होते. त्या रानात सोयाबीन टाकले तर चार दिवसांच्या पाण्यात कुजून जाते, ऊस मात्र शेंड्यापर्यंत बुडाला नाही तर तग धरतो. त्यामुळे "ऊस सोडा, पीक बदला" हा सल्ला त्या रानाला लागू पडत नाही. माळाकडच्या सव्वा एकराला तो लागू पडतो. गेली दोन वर्षे तो तुकडा आम्ही उसातून मोकळा केला आहे. पावसाळ्यात सोयाबीन, त्यावर हरभरा, आणि पाणी पुरले तर उन्हाळी भुईमूग.

हे केले म्हणजे धोरणाच्या तडाख्यातून सुटलो असे मात्र नाही. सोयाबीनलाही दिल्लीचे वारे लागतेच. ऑगस्ट २०२१ मध्ये भाव चढलेले असताना सोयापेंडीच्या आयातीला परवानगी मिळाली आणि काढणीपर्यंत भाव खाली आले. त्याच डिसेंबरात सोयाबीनचे वायदे बंद झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरील आयात शुल्क वाढवले, मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या तेलावरचे पुन्हा कमी केले. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या खालीच विक्री चालू होती. तरी मी तो तुकडा मोकळा ठेवण्याच्या बाजूची आहे, ते वेगळ्या कारणासाठी. सोयाबीन शंभर-सव्वाशे दिवसांत निघते. ज्या पिकाचे आयुष्य चार महिन्यांचे, त्याबद्दलचा निर्णय चुकला तरी चार महिन्यांनी बदलता येतो. उसाबद्दलचा चुकला तर पुढची दोन वर्षे तोच चुकलेला निर्णय रानात उभा असतो. शिवाय ऊस आणि सोयाबीन यांचे आदेश एकाच दिवशी उलटे फिरत नाहीत. एकाचे बिल अडकलेले असताना दुसऱ्याची पट्टी हातात असते आणि सोसायटीचा ३० जून त्या पट्टीवर निभावतो. उसाच्या रानातही लागणीची वेळ विभागता येते. काही आडसाली, काही पूर्वहंगामी (ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायचा) आणि सरीच्या बगलेला आंतरपीक, म्हणजे सगळा ऊस एकाच हंगामाच्या एकाच आदेशाखाली सापडत नाही.

आमच्या चुलत सासऱ्यांचे गुऱ्हाळ गावात अजून चालते. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवून गुळाला बाजारपेठ दिली आणि पुढे राधानगरीचे धरण बांधायला घेतले. आमच्या भागात ऊस आला तो या दोन निर्णयांच्या आधाराने, त्यामुळे धोरण म्हटले की सगळे वाईटच असे मानण्याइतकी मी कृतघ्न नाही. गेल्या जानेवारीत माळाच्या कडेचा अठरा गुंठे खोडवा आम्ही कारखान्याला न घालता गुऱ्हाळाला नेला. पहाटे चारला आधण चढले. चुलवाणाच्या तोंडाशी जळव्या वाळलेली चिपाडे एका लयीत आत सारत होता. काहिलीत रस तापून काळपट मळी वर आली तशी ती झाऱ्याने काढून घेतली, भेंडीच्या खोडांचा चिकट रस पडला आणि रसाचा रंग हळूहळू उजळत गेला. गुळव्या बोलत नव्हता. त्याने उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला, बोटांनी त्याची गोळी वळून पाहिली, एकदा नाही म्हणून मान हलवली आणि दुसऱ्यांदा हात वर केला. तेवढ्या इशाऱ्यासरशी चौघांनी काहील वाफ्यात उलटली. दोन मिनिटे मागेपुढे झाली असती तर गूळ चिकट राहिला असता किंवा करपला असता.

टनभर उसातून साधारण १०० ते १२० किलो गूळ पडतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण त्याला एफआरपी नाही, हमीभाव नाही. आवक वाढली की दर पडतो आणि गुळव्या, जळव्या मिळणे वर्षागणिक कठीण होत चालले आहे. सगळ्या गावाने कारखाना सोडून गुऱ्हाळाकडे वळावे असे सांगणे बेजबाबदारपणाचे होईल. आमच्या अठरा गुंठ्यांचा हिशेब कारखान्याच्या बिलाहून थोडाच जास्त निघाला. फरक असा होता की, पट्टीचे पैसे आठवड्यात आले आणि एक-एक किलोचे रवे आम्ही पुण्याच्या ओळखीच्या घरांना थेट पाठवले, त्यांना दर अडत्याने नव्हे तर आम्ही सांगितला. ऊस दोन दारांनी बाहेर जाऊ शकतो एवढे तरी त्या वर्षी पक्के झाले.

दराच्या लढाईत एक गोष्ट मागे पडते, ती म्हणजे टनेज. आम्ही एकरी ४२ टनांवर वर्षानुवर्षे अडकलो होतो. पाचट जाळायचे बंद केले, ते सरीत कुजवले, कांडी लावण्याऐवजी एक डोळ्याची रोपे लावली आणि नदीकाठच्या दीड एकरावर ठिबक टाकले. तिसऱ्या वर्षी एकरी ५३ टन भरले. टनाला ८० रुपये वाढले तर ४२ टनांवर एकरी ३३६० रुपये होतात. ११ टन वाढले तर तोडणी-वाहतूक जाऊनही त्याच्या कितीतरी पट पैसा येतो. यावरून आंदोलने करू नयेत असा अर्थ कोणी काढू नये. रस्त्यावर बसणाऱ्यांनी मिळवलेले शंभर रुपये घरात बसलेल्यांच्या बिलातही जमा होतात आणि त्यांचे ऋण आम्ही मानतो. पण जमिनीत वाढलेला सेंद्रिय कर्ब कोणत्याही अधिसूचनेने परत घेतला जात नाही, म्हणून त्या कामाला मी आधी हात घालते. ठिबकला अनुदान मिळते, मात्र ते नंतर खात्यावर येते, पैसे आधी आपण घालायचे असतात. दोन एकरांच्या आतल्या शेतकऱ्याला तेवढी रक्कम उभी करणे जड जाते, आणि आमच्या गावात असेच शेतकरी जास्त आहेत. आम्ही पाच घरांनी भिशी लावून एकेकाचे ठिबक बसवले.

कागदांबद्दल थोडक्यात, पण कळकळीने. आता पीक पाहणी मोबाईलवरून आपणच नोंदवायची असते, २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांकाशिवाय योजनांचा लाभ मिळत नाही, एक रुपयातला पीक विमा जाऊन पुन्हा टक्केवारीचा हप्ता आला आहे. यातले काहीही एकदा शिकून कायमचे येत नाही. आमच्या शेजारच्या वहिनी नवऱ्यामागे वीस वर्षे शेती करतात, पण सातबारावर दिराचे नाव असल्याने त्या कोणत्याच यादीत शेतकरी नाहीत. धोरण बदलले की त्याचा लाभ किंवा नुकसानभरपाई कागदावरच्या नावाला मिळते, रानात राबणाऱ्याला नाही. मामंजींनी तीन वर्षांपूर्वी तलाठ्याकडे स्वतः जाऊन वीस गुंठ्यांवर माझे नाव लावून घेतले. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी मला सातबाराचा उतारा दिला आणि म्हणाले, "आता ट्रंकेची किल्ली बी तुझ्याकडंच ठेव."

गेल्या वर्षापासून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मारुतीच्या देवळात आम्ही दहा-बाराजण बसतो. निघालेला आदेश मोठ्याने वाचायचा, तो बिलाच्या कोणत्या ओळीवर पडणार हे शोधायचे आणि आपल्या हातात त्यावर काय आहे ते पाहायचे, एवढाच शिरस्ता आहे. बऱ्याचदा हातात काही नसते. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याबाहेर ऊस नेण्यास मनाई करणारी अधिसूचना निघाली होती आणि विरोध झाल्यावर ती मागे घ्यावी लागली, तशा वेळी जुळवून घेण्यापेक्षा नकार देणेच योग्य असते. एफआरपी हंगामाच्या आधी जाहीर होते, तशी इथेनॉल आणि निर्यातीची दिशा आडसाली लागणीच्या आधी, म्हणजे जूनपर्यंत जाहीर करावी आणि त्या उसाची तोडणी होईपर्यंत ती बदलू नये, अशी मागणी आम्ही लिहून काढली आहे. ही मागणी मोठी नाही. लागण करताना शेतकरी सोळा महिन्यांचा शब्द देतो, समोरच्यानेही तेवढाच द्यावा.

यंदा पाऊस वेळेवर लागला. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात नदीकाठच्या रानात रोपे आली, ट्रे बांधावर ओळीने मांडले होते. मामंजींचे गुडघे दुखतात, तरी ते छत्री घेऊन आले आणि सरीच्या टोकाला उभे राहून दोन रोपांत दोन फूट अंतर राहते की नाही ते पाहत होते. बांधापलीकडे माळाच्या तुकड्यात सोयाबीन घोट्याएवढे झाले होते. मधेच त्यांनी मला हाक मारून विचारले, "औंदा इथेनॉलचं काय म्हणत्यात?" मी सांगितले, अजून काही निघालेले नाही. त्यांनी मान हलवली, छत्री मिटून बांधावर ठेवली आणि वाकून एक कलंडलेले रोप सरळ करून त्याच्या बुडाशी माती दाबली.